‘ह्याला लिनक्स चालत नाही ओ’: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स अडलं तर कुठून बघायला लागायचं

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटातली प्रणाली. ती पेनड्राइव्हवरून टाकतात. आधी लक्षणं. तुमचं दुखणं ह्यात कुठं बसतं बघा.

- पेनड्राइव्ह लावला तरी लॅपटॉप सरळ विंडोजमध्येच जातो, किंवा बूट मेनूत पेनड्राइव्हचं नावच येत नाही.
- मेनू येतो, पण एंटर मारला की स्क्रीन काळी. पंखा तेवढा फिरत राहतो.
- लिनक्स उघडतं, पण वायफायचं चिन्हच नाही. किंवा चिन्ह आहे, पण राउटरच्या मांडीवर बसलं तरच नेट.
- इन्स्टॉलर म्हणतो, ह्या मशीनमध्ये डिस्कच नाही.
- इन्स्टॉल नीट झालं, रिस्टार्ट केलं आणि पुन्हा विंडोज. नाहीतर ‘नो बूटेबल डिव्हाइस’.
- सगळं चालतं, पण मध्येच गोठतं.

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला, तेव्हापासून बेळगावात टिळकवाडीला माझ्या पुढच्या खोलीतल्या टेबलावर हीच सहा दुखणी आलटून पालटून येतायत. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्यामुळे पाचव्या-सहाव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ झाले. खानापूर, नंदगड, संकेश्वर, निपाणी, कुठून कुठून लोक पिशवीत घालून आणतात आणि टेबलावर ठेवतानाच सांगतात, "काका, ह्याला लिनक्स चालत नाही म्हणे. दोघांनी बघितलं."

दोघांनी बघितलं ते खरं असतं. पण अख्ख्या लॅपटॉपला लिनक्स चालत नाही असं क्वचितच निघतं. अडतो तो एखादा भाग, नाहीतर बायोसमधलं (विंडोजच्याही आधी चालू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्रॅम) एखादं कुलूप. तो भाग कुठला ते शोधायचं, आणि शोधताना फुकटातल्या गोष्टी आधी, स्क्रू ड्रायव्हर शेवटी.

(कमांड मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान अक्षरांत करायच्या.)

काही करायच्या आधी

फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. हे सगळेच सांगतात आणि कोणीच करत नाही. दुसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही: विंडोजमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर बऱ्याच मशीनवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बघा आणि वहीत उतरवून ठेवा. मोबाइलवर फोटो नको, वहीत. पुढे बायोसमध्ये हात घातला की विंडोज हीच की मागतं.

हे मी चूक करून शिकलोय. इंजिनिअरिंगच्या एका पोराचा लॅपटॉप होता. मी न विचारता बायोसमधलं एक सेटिंग बदललं आणि निळ्या पडद्यावर ४८ खाने येऊन उभे राहिले. त्याला खातं आठवेना, मेल आठवेना. तीन दिवसांनी कळलं की लॅपटॉप घेतला तेव्हा थोरल्या बहिणीच्या नावाने खातं काढलेलं, आणि ती लग्न होऊन गोव्यात. प्रोजेक्ट जमा करायची तारीख त्याच आठवड्यातली होती.

पेनड्राइव्ह

निम्म्या केसेस इथेच मिटतात. डाउनलोड अर्धवट झालेलं असतं किंवा पेनड्राइव्हच नकली असतो. आयएसओ (लिनक्स इन्स्टॉल करायची फाइल) उतरवल्यावर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयूटिल’ला ‘-हॅशफाइल’ देऊन, फाइलचं नाव टाकून, शेवटी ‘एसएचए२५६’ लिहायचं. जो लांबलचक आकडा येतो तो तुमच्या डिस्ट्रोच्या (उबंटू, मिंट असे लिनक्सचे प्रकार) साइटवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळली तरी माझ्यापुरतं पुष्कळ. नाही जुळलं तर पुढचं काही करू नका, पुन्हा उतरवा. गावाकडे मोबाइलच्या नेटवर चार-पाच जीबीची फाइल उतरवताना मध्ये एकदा तरी तुटतेच.

नकली पेनड्राइव्ह म्हणजे वर ६४ जीबी छापलेलं आणि आत ८. लिहिताना काही तक्रार करत नाही, वाचताना कचरा देतो. अशाच एकावर मी दोन तास घालवलेत. लिनक्समध्ये ‘एफ३’ नावाचं साधन आहे, विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’. दोन्ही पेनड्राइव्ह भरून परत वाचून बघतात आणि खरं माप सांगतात.

रूफसने (आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिणारा विंडोजचा प्रोग्रॅम) लिहिलेला पेनड्राइव्ह सुरू होत नसेल तर तोच पुन्हा लिहा आणि आयएसओऐवजी डीडी मोड निवडा. पोर्ट बदला. निळ्या यूएसबी ३ पोर्टवर अडलेलं जुनं मशीन काळ्या यूएसबी २ पोर्टवरून गुपचूप चालू झालेलं मी अनेकदा पाहिलंय. हब तर नकोच.

विंडोज पूर्ण बंद करा

‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केलेलं विंडोज खरं मेलेलं नसतं, डोळे मिटून पडलेलं असतं. लिनक्समधून ती डिस्क मग फक्त वाचता येते, आणि कधी कधी वायफाय कार्डही झोपलेलंच राहतं. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ टाका. दहा सेकंदांचं काम.

बूट मेनू आणि सिक्युअर बूट

बूट मेनूसाठी डेल आणि बहुतेक लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. एसरवर एफ१२ आहे, पण ते आधी एफ२ने बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. हे माहीत नसल्याने लोक एफ१२ बडवत बसतात.

सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारं बायोसमधलं कुलूप, बंद करा, हा सल्ला सगळे देतात. मी आधी देत नाही. उबंटू, फेडोरा, मिंट, डेबियन हे सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात, त्यांच्या पहिल्या टप्प्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. हे चौघे तुमच्या मशीनवर सुरू होत नसतील तर बायोसमध्ये ‘थर्ड पार्टी यूईएफआय सीए’ असं काही बंद आहे का बघा. अलीकडच्या काही मशीनवर ते मुळातच बंद येतं. त्यानेही नाही जमलं तर मग सिक्युअर बूट बंद करा, आणि आधी ती ४८ आकडी की वहीत आहे ना, बघा.

एक जात वेगळी आहे: इंटेल अॅटम ‘बे ट्रेल’ प्रोसेसरची २ जीबी रॅम, ३२ जीबी साठ्याची स्वस्त छोटी मशीनं. ह्यातल्या पुष्कळांत प्रोसेसर ६४ बिटचा आणि यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस, ३२ बिटचं. बहुतेक डिस्ट्रोंचा पेनड्राइव्ह त्यांना दिसतच नाही. डेबियनमध्ये ३२ बिट यूईएफआयची सोय आहे, तेच वापरा. पण खरं सांगू का, २ जीबी रॅमवर आजचा ब्राउझर चालवणं म्हणजे सायकलला ट्रॉली जोडणं.

इन्स्टॉल न करता अर्धा तास वापरा

पेनड्राइव्हवरून सुरू झालं की लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका. ‘ट्राय’ निवडा. वायफाय, आवाज, ब्राइटनेसच्या कळा, टचपॅड, कॅमेरा बघा. झाकण मिटवून पाच मिनिटांनी उघडा, जागं होतं का बघा. डिस्कला अजून हातही लागलेला नाही, त्यामुळे नुकसान काहीच नाही. जे इथं चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालेल अशी आशा धरायची नाही.

इन्स्टॉल करताना भाषा इंग्रजीच ठेवा. मराठी निवडली की एररही मराठीत येतात आणि त्यावर उपाय शोधायला गेलं तर काही सापडत नाही. मराठी नंतर जोडता येते. आपल्याकडच्या शाळामास्तरांना कन्नडही लागतं. नुडीची (कन्नड टाइप करायचं सॉफ्टवेअर) सवय असेल तर कीबोर्डच्या यादीत कन्नडची ‘कगप’ मांडणी आहे, बोटं तीच राहतात.

काळी स्क्रीन

ग्रब मेनूत (लिनक्स सुरू होताना पहिल्यांदा येते ती यादी) पहिल्या ओळीवर उभं राहून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी, ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे, जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. ह्याने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ग्राफिक्सच्या भानगडीत पडत नाही, बायोसने दिलेलं चित्र तसंच पुढे चालवतो. चित्र आलं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा, आणि रॅम-डिस्कवरचा संशय तूर्त बाजूला. हा फक्त तात्पुरता टेकू आहे. तो कायम ठेवला तर ब्राइटनेस हलत नाही आणि व्हिडिओ रखडतो.

बहुतेक वेळा आत एनव्हिडियाचं दुसरं ग्राफिक्स असतं. त्याचा ड्रायव्हर ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून टाका. पण ८२०एमसारख्या जुन्या चिपला ३९० मालिकेचा ड्रायव्हर लागतो आणि त्याचा सपोर्ट २०२२ अखेर थांबलाय. त्याच्या मागे लागू नका. ‘नूव्हो.मोडसेट=०’ लिहून ती चिप गप्प बसवा आणि इंटेलच्या ग्राफिक्सवर चालवा. कागद लिहायला, यूट्यूब बघायला ते भरपूर आहे.

पेनड्राइव्ह नसतानाही स्क्रीन काळीच असेल तर लिनक्सला दोष देऊ नका. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडच्या मशीनचं हे नेहमीचं आहे: दमटपणाने रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर थर चढतो. चार्जर काढा, बॅटरी काढा, पट्टी काढून शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासा, कीस झटकून परत बसवा.

वायफाय

सगळ्यात जास्त वेळ ह्यातच जातो.

आधी नेट कुठून आणायचं ते बघू, कारण वायफायचा ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटला वायफाय लागतं, अशी ती गंमत आहे. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने काही होणार नाही.

मग टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’. ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहिलेली ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकोनी कंसात दोन आकडे असतात, मध्ये अपूर्णविराम. लॅपटॉपवरचं मॉडेल नाव विसरा, हे आकडेच तुमच्या कार्डाची जन्मपत्रिका. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळी कार्डं निघतात, त्यामुळे ‘माझ्या मित्राच्या ह्याच लॅपटॉपवर चाललं’ ह्याला काही अर्थ नाही. खालच्या ओळीत ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ आहे का तेही बघा. ती ओळच नसेल तर कार्ड दिसतंय पण त्याला चालवणारा कोणी नाही.

पहिला आकडा १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम. १४ई४:४३६५ म्हणजे बीसीएम४३१४२, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपांत खच्चून भरलेलं. ह्याचा ड्रायव्हर बंदिस्त असल्यामुळे पेनड्राइव्हवर चालू नसतो. डेबियनवर ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’, उबंटूवर ‘बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स’. सिक्युअर बूट चालू असेल तर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतो, आणि रिस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ विचारतो. तिथे लोक घाईने ‘कंटिन्यू बूट’ दाबतात आणि मग म्हणतात, ड्रायव्हर टाकला तरी चालत नाही. ‘एनरोल’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा.

१०ईसी असेल तर रियलटेक. ८८२१सीई हे कार्ड कर्नल ५.९ पासून कर्नलच चालवतो, म्हणजे जुनी आयएसओ टाकून वर भलतेसलते ड्रायव्हर कंपाइल करत बसण्यापेक्षा नवी आयएसओ घ्या.

८७२३बीईची कथा वेगळी, आणि तिनेच मला सगळ्यात जास्त छळलंय. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या बाई तीन वेळा तोच लॅपटॉप घेऊन आल्या. "इथं चालतंय, घरी गेलं की नाही चालत. बघा की ओ नीट." माझ्या टेबलावर राउटर दोन हातांवर, त्यामुळे मला दोष दिसायचाच नाही. तिसऱ्यांदा मी लॅपटॉप उचलून अंगणात पेरूच्या झाडापर्यंत गेलो आणि सगळ्या काड्या गेल्या. खालचं झाकण उघडलं. नखाएवढं कार्ड, त्यावर अँटेनाच्या वायरी बसवायच्या दोन पितळी टिकल्या, आणि वायर एकच. दोन वायरींच्या जागी बनवणाऱ्याने एकीवर भागवलेलं. ड्रायव्हर बिचारा रिकाम्या टिकलीवर कान लावून बसला होता. ‘ईटीसी’च्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरमध्ये एक फाइल करून त्यात ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२’ लिहिलं, रिस्टार्ट केलं, पेरूखाली चार काड्या. दोनने नाही झालं तर एक लिहून बघायचं. पैसे शून्य. बाईंना मी तीन फेऱ्यांचं बसभाडं देणं लागतो.

मीडियाटेकचं ७९२१ असेल तर कर्नल ५.१२ किंवा त्यापुढचा हवा. ७९०२ला मात्र बराच काळ ड्रायव्हरच नव्हता. ते निघालं तर मी झगडत नाही, कार्ड बदलतो.

चिन्ह आहे पण ‘बंद’च दाखवतं? ‘आरएफकिल लिस्ट’ टाका. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपच्या कडेला सरकवायचं बटण आहे का चाचपा. हसू नका, आठवड्याला एक तरी निघतो.

डिस्क दिसत नाही

बायोसमध्ये साठ्याचा मोड ‘आरएसटी’, ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’ असतो. तो ‘एएचसीआय’ करायचा किंवा व्हीएमडी बंद करायचं. एसरवर हा पर्याय लपवलेला असतो, बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल-एस दाबलं की दिसतो.

विंडोज ठेवायचं असेल तर हे सरळ बदलू नका, विंडोज उठणारच नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा (‘एमएसकॉन्फिग’मध्ये ‘बूट’ पानावर ‘सेफ बूट’), मग बायोसमध्ये बदल, मग विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उठू द्या, आणि ती खूण काढून टाका. सेफ मोडमध्ये उठताना ते नव्या मोडचा ड्रायव्हर उचलतं. विंडोज पुसायचंच असेल तर हा सगळा सोपस्कार सोडा.

इन्स्टॉल झालं पण उठत नाही

बायोसमध्ये बूट क्रमात ‘उबंटू’ किंवा ‘डेबियन’ वर आणा. एसरवर आधी सुपरव्हायझर पासवर्ड ठेवा, मग ‘सिलेक्ट अॅन यूईएफआय फाइल अॅज ट्रस्टेड’मधून ‘शिम’ नावाची फाइल निवडा. पासवर्ड ठेवल्याशिवाय तो पर्याय फिकटच राहतो. काम झालं की पासवर्ड काढा. विसरलात तर ते वेगळंच लफडं.

गोठतं

बे ट्रेलचा सेलेरॉन, उदाहरणार्थ एन२८४०, असेल तर ‘नोमोडसेट’ लिहिलं तिथेच ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ लिहून बघा. प्रोसेसर खोल झोपेत जाऊन परत येत नाही, म्हणून त्याला झोपूच द्यायचं नाही. बॅटरी थोडी लवकर उतरते.

बाकीच्यांत रात्रभर ‘मेमटेस्ट८६+’ लावा. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम बदला. मग डिस्कच्या तब्येतीचा ‘स्मार्ट’ अहवाल, त्यात ‘रीअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’. (ह्या करंटचा आपल्या गेलेल्या करंटशी संबंध नाही.) दोन्ही शून्य हवेत. आकडा दिवसागणिक वाढत असेल तर त्या डिस्कवर काहीच इन्स्टॉल करू नका.

कार्ड बदलणं

सगळं करूनही वायफाय नाही, तर इंटेलचं एम.२ कार्ड, एएक्स२०० किंवा एएक्स२१०. एएक्स२०१ चुकूनही घेऊ नका. दिसायला तेच, पण ते फक्त त्याच्यासाठी बनवलेल्या इंटेलच्या बोर्डांवर चालतं. जुन्या काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये परवानगीच्या कार्डांची यादी असते, बाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरूच होत नाही. म्हणून दुकानदाराला ‘नाही चाललं तर परत’ असं आधी विचारा. हे सगळं नकोसं वाटलं तर लिनक्सला चालणारा छोटा यूएसबी वायफाय लावा आणि मोकळे व्हा.

इथं थांबा

टचपॅड वर आल्यासारखा वाटतोय किंवा खालचं झाकण फुगलंय: बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, उघडू नका, दाबू नका, थेट जाणकाराकडे न्या. डिस्क टक-टक वाजतेय आणि आत लग्नाचे फोटो आहेत: मशीन बंद करा. प्रत्येक वेळी चालू केलं की फोटो वाचायची शक्यता कमी होते, आणि हे काम डेटा रिकव्हरीवाल्याचं, माझंही नाही. बायोसला पासवर्ड आहे आणि माहीत नाही, लॅपटॉपवर पाणी-चहा सांडलाय, बिटलॉकरची की नाही पण फाइली हव्यात: ह्या तिन्हीतही पुढे जाऊ नका.

बायोस अपडेटचं वेगळं सांगतो. त्याने खरंच काही दोष जातात. पण जूनपासून ऑगस्टपर्यंत आपल्याकडे करंट कधी जाईल सांगता येत नाही, आणि ह्या जुन्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या पाच मिनिटं टिकत नाहीत. अपडेट अर्ध्यात असताना करंट गेला की बोर्ड मेला, मग चिप काढून प्रोग्रॅमरने लिहिणारा माणूस शोधा. बॅटरी धड नसेल तर यूपीएसवाल्याकडे बसून करा, नाहीतर करूच नका.

दुरुस्तीला जाताना तीन गोष्टी न्या: त्याच लॅपटॉपचा चार्जर, पेनड्राइव्ह, आणि ‘एलएसपीसीआय -एनएनके’चा मोबाइलवर काढलेला फोटो. तो फोटो असेल तर मी फोनवरच सांगतो, या की नका येऊ.